मोस्तारचा पूल आणि मोस्तारची माणसें

हर्सेगोव्हिना प्रांतांतील मोस्तार ह्या नगराचें नांव पुलावरूनच पडलें आहे. तेथील भाषेंत ‘मोस्त’ म्हणजे पूल, आणि पुलाची राखण करणाऱ्यांना ‘मोस्तारी’ म्हणत. नेरेत्वा नदीच्या हिरव्या, थंडगार पाण्यावर सुलतान सुलेमानाच्या आज्ञेनें इ. स. १५५७ मध्यें हा पूल बांधावयास घेतला आणि १५६६ मध्यें तो पुरा झाला. बांधणारा मिमार हैरुद्दीन; तो त्या काळचा सुप्रसिद्ध वास्तुविशारद सिनान याचा शिष्य. सबंध पुलाला कमान एकच. तिचा गाळा सुमारें २९ मीटर, आणि उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे तिचा माथा पाण्यापासून २० मीटरांहून उंच दिसे. दगड जवळच्याच खाणींतला, फिकट रंगाचा, तेथें ‘तेनेलिया’ म्हणतात तो. चिऱ्यास चिरा लोखंडी आंकड्यांनीं जोडून त्या आंकड्यांभोंवतीं वितळलेलें शिसें ओतलेलें होतें. तुर्कांचें राज्य गेलें, १८७८ मध्यें ऑस्ट्रिया-हंगेरीचें आलें, तेंही गेलें, दोन महायुद्धें होऊन गेलीं, पण पूल जागचा हालला नाहीं. ४२७ वर्षें तो उभा होता.

त्याच्या दोन्ही अंगांस वाढलेलें गांव कधींच एका समाजाचें नव्हतें. बोस्नियाक मुसलमान, कॅथोलिक क्रोएट आणि ऑर्थोडॉक्स पंथाचे सर्ब हे तिघेही तेथें शेजारींशेजारीं राहत. तिघांची बोली एकमेकांस दुभाष्यावांचून समजे. १९९१ च्या खानेसुमारींत मोस्तार नगर व त्याच्या भोंवतालचीं खेडीं मिळून लोकसंख्या १,२६,६२८ भरली. तींत मुसलमान शेंकडा सुमारें ३५, क्रोएट ३४ आणि सर्ब १९ होते. शेंकडा १० लोकांनीं मात्र ह्या तिहींपैकीं कोणतेंच नांव न घेतां आपणांस ‘युगोस्लाव्ह’ असें लिहवून घेतलें. एकच उत्तर देणें ज्यांना जड गेलें असे हे लोक. त्यांपैकीं कित्येक मिश्र विवाहांचीं अपत्यें. आलेक्सा शांतिच हा सर्ब कवि ह्याच गांवचा. शेजारच्या मुसलमान तरुणीवर त्यानें १९०२ मध्यें लिहिलेली ‘एमिना’ ही कविता पुढें गाणें होऊन तिन्ही समाजांच्या घरांत गाइली गेली.

तथापि जुन्या सलोख्याचें वर्णन युद्धानंतर नेहमींच थोडें अधिक गोड होतें, आणि मोस्तारही त्याला अपवाद नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत ह्याच प्रदेशांत शेजाऱ्यांनीं शेजाऱ्यांच्या कत्तली केल्या होत्या. मार्शल टिटोच्या राजवटींत त्या गोष्टींची उघड वाच्यता होत नसे. ‘बंधुत्व आणि ऐक्य’ ह्या सरकारी घोषणेखालीं त्या झांकलेल्या राहिल्या. झांकलेलें म्हणजे विसरलेलें नव्हे, हें १९९० नंतर पुढाऱ्यांनीं जुनीं प्रेतें उकरावयास सुरवात केली तेव्हां कळून आलें.

युद्ध मोस्तारवर दोन हप्त्यांनीं आलें. १९९२ च्या एप्रिलांत युगोस्लाव्ह सैन्यानें आणि त्याच्या बाजूच्या सर्ब तुकड्यांनीं टेंकड्यांवरून शहरावर तोफा डागल्या. त्या वेळीं क्रोएट आणि बोस्नियाक एकत्र लढले, आणि जूनमध्यें तें सैन्य त्यांनीं मागें हटविलें. ह्या पहिल्या फेरींत फ्रान्सिस्कन मठाचें देऊळ आणि कॅथोलिक बिशपचा वाडा भस्मसात झाला, आणि सैन्य हटल्यावर सर्बांचें मोठें ऑर्थोडॉक्स देवालय उध्वस्त करण्यांत आलें. शहरांतले बहुतेक सर्ब निघून गेले, आणि जातांना त्यांची आठवण बाळगणारीं ठिकाणेंही नाहींशीं झालीं. मोस्तारच्या समेटाच्या चर्चेंत हा तिसरा समाज बहुधा गाळला जातो, म्हणून येथें त्याचा उल्लेख आवश्यक आहे.

दुसरी फेरी कालच्या सोबत्यांतली, म्हणून अधिक कडवट. ९ मे १९९३ रोजीं पहांटे क्रोएट संरक्षण परिषदेच्या फौजेनें शहराच्या पश्चिम भागांतील बोस्नियाक कुटुंबांना घरांतून बाहेर काढलें. पुरुषांना शहराबाहेरील ‘हेलिओद्रोम’ नांवाच्या छावणींत कोंडण्यांत आलें; उरलेल्या अनेकांना नंतरच्या महिन्यांत पूर्वेकडे हांकून दिलें. पूर्व मोस्तारांत हजारों माणसें तळघरांत राहूं लागलीं. पाणी आणावयाचें तें रात्रीं, नेमबाजांची नजर चुकवून. जुन्या पुलावर लोकांनीं लांकडी फळ्या आणि पत्रे घातले, कठड्यांवरून मोटारींचे जुने टायर लोंबते सोडले. तोफेच्या गोळ्यास टायर काय आडवणार, पण रिकाम्या हातांनीं पाहत बसणें त्यांना साधलें नाहीं. ९ नोव्हेंबर १९९३ रोजीं सकाळीं क्रोएट फौजेच्या रणगाड्याच्या माऱ्यानें कमान कोसळून नदींत गेली. २५ फेब्रुवारी १९९४ रोजीं गोळीबार थांबला आणि मार्चमध्यें वॉशिंग्टन येथें ह्या दोन पक्षांत करार झाला.

पूल पाडला तो गुन्हा कीं युद्धांतील कृत्य, ह्यावर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांतही एकवाक्यता झाली नाहीं. २०१३ मध्यें खालच्या पीठानें तो गुन्हा ठरविला; २०१७ च्या नोव्हेंबरांत अपील-पीठानें, त्या वेळीं पूल हें लष्करी लक्ष्य होतें असें म्हणून तेवढा भाग रद्द केला, आणि छळ, हकालपट्टी व छावण्या ह्यांबद्दलच्या शिक्षा मात्र कायम ठेवल्या. निकाल ऐकतांच आरोपींपैकीं स्लोबोदान प्राल्याक यानें न्यायालयांतच विष घेतलें. त्या संध्याकाळीं मोस्तारच्या क्रोएट वस्तींत लोकांनीं त्याच्यासाठीं मेणबत्त्या लावल्या, आणि नदीपलीकडे ज्यांचे आप्त छावणींतून परत आले नव्हते त्यांनीं त्या पाहिल्या. युद्ध संपून तेव्हां तेवीस वर्षें झालीं होतीं.

मोस्तारविषयीं परदेशांत जें लिहिलें जातें त्यांत एक चूक वारंवार आढळते. जुना पूल दोन वैरी कांठांना जोडीत होता, अशी ती समजूत. नदी ही सीमारेषा नव्हती. पुलाच्या दोन्ही टोकांशीं जी जुनी पेठ आहे ती युद्धांत बोस्नियाकांच्याच ताब्यांत होती. खरी रेषा नदीपासून थोड्या अंतरावर पश्चिमेस, ‘बुलेव्हार’ नांवाच्या रुंद रस्त्यावर होती. एका बाजूच्या इमारतींत एक फौज, समोरच्या इमारतींत दुसरी, आणि मध्यें रस्त्याची रुंदी. तह झाल्यावर हाच रस्ता ओलांडणें लोकांच्या जिवावर येई. म्हणजे जगाचें लक्ष ज्या पुलाकडे लागलें होतें तो पुन्हां बांधून प्रश्न सुटणारा नव्हता. जो पूल हवा होता तो कोणत्याही नकाशावर नव्हता.

तो बांधण्याचा पहिला प्रयत्न ब्रेमेन शहराचे माजी महापौर हान्स कोश्निक यांनीं केला. १९९४ च्या जुलैंत युरोपीय संघानें शहराचा कारभार त्यांच्याकडे दोन वर्षांसाठीं सोंपविला. कोश्निक यांच्या आईबापांनीं नाझींच्या काळांत तुरुंगवास भोगला होता. फुटलेल्या शहरांत माणसें पुन्हां माणसांत कशीं येतात हें त्यांनीं लहानपणीं पाहिलें होतें. त्यांनीं नळ, वीज, छपरें, शाळा ह्यांस हात घातला. रुजू होऊन दोन महिने झाले नाहींत तोंच त्यांच्या खोलीवर रॉकेट सोडण्यांत आलें. ते खोलींत नव्हते म्हणून वांचले. १९९६ च्या फेब्रुवारींत त्यांनीं शहराच्या मधोमध एक मोठा सामाईक विभाग ठेवावा असा निर्णय जाहीर केला, तेव्हां क्रोएट जमावानें त्यांची मोटार घेरली, तिच्यावर गोळ्या झाडल्या, आणि चिलखती पत्र्यामुळेंच ते जिवंत सुटले. त्यानंतर रोम येथें युरोपीय मुत्सद्द्यांनीं तो विभाग आखडून लहान करण्यास संमति दिली. कोश्निक यांनीं राजीनामा दिला. ज्यांनीं त्यांना तेथें पाठविलें त्यांनींच त्यांच्या पायांखालची जमीन काढून घेतली, असें म्हटल्यास अन्याय होणार नाहीं; आणि दंगल केली असतां मागणी मान्य होते हा धडा जमावानें घेतला तो निराळाच.

पुढील आठ वर्षें मोस्तार सहा नगरपालिकांत वांटलेलें होतें, तीन क्रोएटांच्या आणि तीन बोस्नियाकांच्या. पाणीपुरवठा दोन, वीज दोन, रुग्णालयें दोन, विद्यापीठें दोन, अग्निशामक दलें दोन. एका बाजूस आग लागली तर दुसऱ्या बाजूचा बंब सहसा येत नसे. १० फेब्रुवारी १९९७ रोजीं, ईदच्या दिवसांत, बोस्नियाक लोक पश्चिम भागांतील आपल्या कबरस्तानाकडे चालले असतां क्रोएट पोलिसांनीं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. एक ठार झाला व वीसएक जखमी झाले. पूर्वजांच्या कबरीवर फूल ठेवण्यासही रस्ता ओलांडूं नये, असा त्याचा अर्थ लोकांनीं केला.

अशा स्थितींत विश्वासाची पहिली वीट कोणत्या समारंभानें नव्हे, तर मोटारीच्या नंबराच्या पाटीनें रचली गेली, हें विनोदी वाटेल, पण खरें आहे. युद्धानंतर प्रत्येक समाजाच्या गाड्यांना निराळ्या पाट्या असत. गाडी रस्ता ओलांडून गेली कीं ती कोणाची हें दुरूनच कळे, आणि मग दगड येई किंवा पोलीस येई. १९९८ मध्यें आंतरराष्ट्रीय उच्चाधिकाऱ्यानें सबंध देशासाठीं एकाच प्रकारच्या पाट्या सक्तीच्या केल्या. त्यांवर रोमन आणि सिरिलिक ह्या दोन्ही लिप्यांत सारखींच दिसणारीं अक्षरें तेवढीं निवडलीं होतीं, आणि शहराचें नांव कोठेंही नव्हतें. त्यानंतर माणसें पलीकडे जाऊं लागलीं. त्यांना धीर आला म्हणून तीं गेलीं असें नाहीं. त्यांना ओळखतां येईना म्हणून तीं गेलीं. धीर मागाहून, हळूहळू आला.

घरांची गोष्ट अशीच गुंतागुंतीची. हांकून दिलेल्यांच्या घरांत दुसरे, तेही बहुधा कोठून तरी हांकून दिलेले, राहत होते. १९९९ पासून कडक कायदे करून घरें मूळ मालकांस परत देण्यांत आलीं. किल्ली हातीं आली, पण पुष्कळांनीं घर परत घेतलें तें विकून टाकण्यासाठीं, किंवा दुसऱ्या कांठावरच्या घराशीं अदलाबदल करण्यासाठीं. न्याय झाला, शेजार झाला नाहीं. २०१३ च्या खानेसुमारींत मोस्तारची वस्ती १,०५,७९७ भरली. क्रोएट शेंकडा ४८, बोस्नियाक ४४ आणि सर्ब अवघे ४.

मग दगडाचा पूल. १९९७ मध्यें हंगेरियन सैन्याच्या पाणबुड्यांनीं पडलेले चिरे नदींतून वर काढले. ते इतके फुटले-झिजले होते कीं त्यांवर भार घालतां येईना. तेव्हां नवा दगड जुन्याच जातीचा घेऊन, लोखंडी आंकडे आणि शिसें हीही जुनीच रीत ठेवून, २००१ मध्यें काम सुरू झालें. युनेस्को, जागतिक बँक, आगाखान न्यास आदींनीं साह्य केलें. बांधकाम एका तुर्की कंपनीनें केलें. २३ जुलै २००४ रोजीं पूल खुला झाला, जुन्या रिवाजाप्रमाणें तरुणांनीं त्यावरून नदींत उड्या घेतल्या, आणि पुढच्या वर्षीं युनेस्कोनें त्याला जागतिक वारशाच्या यादींत घातलें. पुलाची कला निर्दोष आहे. परंतु तो बोस्नियाक पेठेस बोस्नियाक पेठेशीं जोडतो. पश्चिमेकडच्या कित्येक क्रोएट तरुणांनीं तो पाहिला तो छायाचित्रांतच, आणि पर्यटक मात्र त्यावरून चालून जातांना समेट झाला असें समजून जातात.

त्याच वर्षीं, त्या मानानें गाजावाजा न होतां, दुसरें एक काम झालें, आणि तें बुलेव्हारच्या अगदीं तोंडाशीं. ऑस्ट्रियन अमदानींत मूरिश धर्तीवर बांधलेली, नारिंगी रंगाची, मोस्तारच्या जुन्या ‘गिम्नाझिया’ची म्हणजे माध्यमिक शाळेची इमारत युद्धरेषेवरच सांपडली होती. जवळच्या चौकाला स्पेनचें नांव आहे, कारण बोस्नियांत शांतिरक्षणाच्या कामीं स्पेनचे २३ सैनिक व साहाय्यक मृत्यु पावले. ह्या शाळेंत २००४ मध्यें क्रोएट आणि बोस्नियाक विद्यार्थी एका मुख्याध्यापकाखालीं आणण्यांत आले. अभ्यासक्रम मात्र दोन राहिले: भाषा निराळी, इतिहास निराळा, वर्ग निराळे. एकत्र बसावयाचें तें संगणकाच्या खोलींत, खेळांत आणि विद्यार्थ्यांच्या एकाच मंडळांत. आईबापांना वर्ग एक करावयास सांगितलें असतें तर त्यांनीं मुलें काढून घेतलीं असतीं; संगणक दोन-दोन घेण्याइतके पैसे कोणापाशींच नव्हते, म्हणून तेवढी खोली एक झाली. दारिद्र्यानें केलेलें हें काम मुत्सद्देगिरीला साधलें नव्हतें. २००६ पासून त्याच इमारतींत ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेज’ ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेची शाखा चालते आणि तेथें स्थानिक तिन्ही समाजांचीं व परदेशचीं मुलें एका वर्गांत शिकतात. पण ‘एका छपराखालीं दोन शाळा’ ही पद्धत देशांत इतरत्र चालूच राहिली. २०१४ मध्यें संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें ती भेदभावाची ठरवूनही ती मोडली नाहीं.

तरुणांचा एक वात्रट उपक्रमही येथें सांगण्यासारखा आहे. स्मारक उभारावयाचें म्हटलें कीं तें कोणाच्या तरी वीराचें आणि कोणाच्या तरी मारेकऱ्याचें ठरणार. म्हणून मोस्तारच्या एका तरुण मंडळानें ज्याच्याबद्दल तिन्ही समाजांचें एकमत आहे असा एकच पुरुष शोधून काढला, तो म्हणजे चिनी सिनेनट ब्रूस ली. २००५ च्या नोव्हेंबरांत शहरांतील बागेंत त्याचा पुतळा बसविला. पुतळ्याची विटंबनाही लागलीच झाली, पण ती कोणत्या समाजानें केली हें कोणासच सांगतां येईना, आणि त्या गांवीं ही देखील प्रगतीच म्हणावयाची.

२००४ च्या आरंभीं उच्चाधिकारी पॅडी ॲशडाउन यांनीं सहा नगरपालिका रद्द करून एक नगरपालिका हुकुमानें स्थापिली. हुकुमानें झालेल्या ऐक्याचें जें व्हावयाचें तें झालें. २०१० मध्यें घटना-न्यायालयानें निवडणुकीच्या नियमांतील कांहीं भाग रद्द ठरविले. लहानमोठ्या सर्व विभागांना सारखेच प्रतिनिधि मिळत होते आणि मध्यभागच्या मतदारांना इतरांपेक्षां कमी हक्क होता. नवे नियम ठरविणें दोन मोठ्या पक्षांकडे होतें. त्यांचें एकमत झालें नाहीं, आणि तें न होण्यांत दोघांचीही सोय होती. २००८ नंतर मोस्तारांत स्थानिक निवडणूकच झाली नाहीं. २०१२ गेलें, २०१६ गेलें. कौन्सिल नाहींसें झालें आणि महापौर एकटाच कारभार पाहूं लागला. आठरा वर्षांची झालेलीं मुलें तिशीला आलीं तरी आपल्या नगरपित्यांसाठीं त्यांनीं मत दिलें नव्हतें.

ही कोंडी फोडली ती इर्मा बारालिया ह्या तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या एका शिक्षिकेनें. तिनें स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयांत आपल्याच देशावर फिर्याद केली. तिची तक्रार कोणत्या समाजाची म्हणून नव्हती. आपण ह्या शहरांत राहतों आणि आपल्याला मत नाहीं, एवढीच होती. २९ ऑक्टोबर २०१९ रोजीं निकाल तिच्या बाजूनें लागला. पुढच्या जूनमध्यें पक्षांनीं तडजोड केली, आणि २० डिसेंबर २०२० रोजीं, बारा वर्षांनीं, मोस्तारकरांनीं मतपेटीचें तोंड पाहिलें. बहुतेकांनीं मतें पूर्वींप्रमाणें आपापल्या समाजाच्या पक्षांसच दिलीं. तरीही ज्या गांवांत नाल्याची तक्रार कोणाकडे करावी हें कोणास ठाऊक नव्हतें, तेथें पस्तीस माणसें एका सभागृहांत बसूं लागलीं. विश्वासाचा अर्थ शेजाऱ्यावर प्रेम करणें एवढाच घेतला तर मोस्तारचा हिशेब निराशेचा आहे. शेजाऱ्याशीं भांडण झालें असतां तें कोठें मांडावयाचें ह्याबद्दल खात्री असणें, हा अर्थ घेतला तर २०२० मध्यें कांहीं तरी जमा झालें.

नुकसान मात्र थांबलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत फॅसिस्टांशीं लढून मेलेल्या मोस्तारच्या तरुणांसाठीं वास्तुकार बोग्दान बोग्दानोविच यानें पश्चिमेकडील टेंकडीवर एक स्मशानभूमि रचली होती. ती १९६५ मध्यें खुली झाली. तेथें सर्ब, क्रोएट, मुसलमान असे विभाग नव्हते. फुलासारख्या कोरलेल्या दगडांवर केवळ नांवें होतीं. २०२२ च्या जूनमध्यें एका रात्रींत त्या सुमारें सातशें दगडांचे तुकडे करण्यांत आले. तीं नांवें वाचून ज्याला जें आठवावयाचें तें आठवे, पण शहर एकदां एका बाजूनें लढलें होतें ह्याचा तेवढा एकच लेखी पुरावा टेंकडीवर होता.

पूर्व भागांत गायक पाव्हारोट्टी याच्या जलशांच्या उत्पन्नांतून आणि एका परदेशीय संस्थेच्या साह्यानें १९९७ च्या डिसेंबरांत एक संगीतकेंद्र उघडलें. २०१२ पासून तेथें रॉक संगीताची एक शाळा भरते. तींत दोन्ही बाजूंचीं मुलें येतात. मुलांचे संच पाडतांना गिटार कोण वाजवितो, ढोल कोण, गातो कोण, एवढेंच पाहतात, कारण एका संचाला चार ढोलवाले घेऊन भागत नाहीं. तालीम आटोपली म्हणजे त्यांतलीं कांहीं मुलें जवळच्या गल्ल्यांतून घरीं जातात, आणि कांहीं गिटार पाठीला अडकवून बुलेव्हार ओलांडतात.